समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून शार्ककडे पाहताना

धाराशिव जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. बालाघाटचे डोंगर, सोयाबीन-तुरीची रानं, पाणी असेल तिथं ऊस आणि नसेल तिथं उस्मानाबादी शेळी, असं इथलं जगणं. इथल्या बहुतेकांनी शार्क पाहिला तो पडद्यावर. पण ज्या जनावराची भीती वाटते त्याच्याशी कसं वागायचं, हा प्रश्न २०२४ च्या डिसेंबरमध्ये इथल्या बांधावर चालत आला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ सुमारे ५०० किलोमीटर चालून येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात पोहोचला. कॅमेऱ्यात टिपलेल्या अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. हे अभयारण्य जेमतेम साडेबावीस चौरस किलोमीटरचं. वाघ शेजारच्या बार्शी तालुक्यापर्यंत फिरू लागला, गुरं मारू लागला. २०२५ च्या जानेवारीत त्याला बेशुद्ध करून पकडायला पथक आलं, तरी तो महिनोन् महिने हाती लागला नाही.

खालचं बोलणं त्या उन्हाळ्यातलं. माझ्या मामांची शेती येडशीच्या बाजूला आहे. मी रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकवते. मामांच्या गोठ्यावर बसून आम्ही शार्कवर बोललो आणि वाघावर भांडलो. दोन्ही विषय मुळात एकच आहेत, हे बोलता बोलता दोघांनाही दिसत गेलं.

भीती कुठून आली

मामा : तू शार्क वाचवायला निघालीस म्हणे. इथं आमची दोन वर्षांची कालवड वाघानं नेली. 'वाघ वाचवा' म्हणणारे पुण्या-मुंबईत, आणि रात्रीची लाइट आली की पाणी द्यायला रानात जाणार आम्ही. आता तू 'मासा वाचवा' म्हणतेस, तोही माणूस खाणारा. आपल्याकडं समुद्र नाही, शार्क नाही. आपला काय संबंध?

मी : संबंधाचं नंतर बोलू, मामा. शार्क माणूस खाणारा आहे हे तुम्हाला कुठं कळलं?

मामा : सोलापूरला पिक्चर बघितला होता. 'जॉज'. पाण्यात माणूस पोहतोय, खालून ते धूड येतंय. त्यानंतर कितीतरी दिवस मी विहिरीत सूर मारायला भीत होतो.

मी : जगभरात कोट्यवधी लोकांचं असंच झालं. १९७५ चा तो सिनेमा. ज्यांच्या कादंबरीवरून तो निघाला त्या पीटर बेंचलींनी पुढचं आयुष्य समुद्र आणि शार्क वाचवण्याच्या कामाला दिलं. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २०२२ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत सांगितलं, की त्या कादंबरीमुळं आणि सिनेमामुळं शार्कची जी कत्तल झाली तिचा आपल्याला आजही पश्चात्ताप होतो. ज्यांनी ती भीती घडवली, तेच असं म्हणतात.

मामा : पिक्चर खोटा असेल, पण शार्क चावतो हे तर खोटं नाही? मागं पालघरकडं नदीत एका पोराचा पाय तोडला म्हणून टीव्हीवर दाखवत होते.

मी : खोटं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ वैतरणा नदीत मासे धरायला उतरलेल्या तरुणाच्या पायाचा शार्कनं लचका तोडला. बुल शार्कसारख्या काही जाती खाडीतून गोड्या पाण्यात वरपर्यंत येतात. त्या तरुणाला 'शार्क निरुपद्रवी असतो' असं सांगणं हा निव्वळ निर्दयपणा होईल आणि मी ते सांगणार नाही. पण मामा, एकूण हिशोब बघा. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठ जगभरातल्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवतं. माणसानं छेडलेलं नसताना शार्क चावल्याच्या घटना २०२४ मध्ये साऱ्या जगात ४७, आणि त्यांतले मृत्यू ४. काही वर्षं आकडा याहून मोठा असतो, तरी मृत्यू सहसा दहाच्या आतबाहेरच. आपल्या देशात साप चावून दरवर्षी किती माणसं मरतात, माहीत आहे?

मामा : आपल्या आसपासच वर्षाला दोन-चार ऐकू येतात.

मी : २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यास आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. तरीही आज आपल्याकडं साप दिसला की काठी शोधायच्या आधी सर्पमित्राला फोन करणारी पोरं आहेत. तुमच्या लहानपणी होती का?

मामा : कसली? साप दिसला की ठेचायचा, मग तो धामण असो की नाग. आता माझाच नातू मला सांगतो, 'आजोबा, धामण आहे, उंदीर खाते, मारू नका.'

मी : एका पिढीत एवढं बदलतं. घोणस, नाग, मण्यार, फुरसं विषारी, बाकीचे बहुतेक नाहीत, एवढं कळलं आणि काठी खाली आली. भीती गेली नाही, तिला शहाणपण आलं. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या माणसाला धोका होईल अशा जाती हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. आपल्या कोकणात बाजारात येणारी मुशी म्हणजे लहान शार्कच, आणि ती बहुधा हातभर लांब असते. आणि सगळ्यांत मोठा मासा व्हेल शार्क. बारा मीटर, कधी त्याहूनही लांब, पण खातो काय, तर पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि बारीकसारीक मासळी. माणूस त्याच्याशेजारून पोहत जातो.

कोण कोणाला मारतं

मामा : बरं, मारत नसेल. पण उपयोग काय? ज्याचा उपयोग नाही त्याच्यापायी गरीब कोळ्यानं का मरावं? तो काय मौजेसाठी मुशी धरत नाही.

मी : उपयोग नाही असं कोळी कधीच म्हणणार नाही. कोकणात मुशीचं कालवण आवडीनं खातात, गोव्यात मोरीची, म्हणजे शार्कचीच, आंबोटीक करतात. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून कॉड लिव्हर तेल येणं बंद झालं, तेव्हा मुंबई, मद्रास, कोझिकोड या भागांत सरकारनं शार्कच्या यकृतातून तेल काढायचे कारखाने घातले. 'अ' जीवनसत्त्वासाठी ते तेल पोरांना पाजायचे. तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाला शार्क राक्षस कधीच नव्हता, तो अन्न होता, औषध होता. अडचण राक्षसपणाची नाही. अडचण आहे ती कोण किती धरतो याची.

मामा : किती धरतात?

मी : २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यानुसार २०१९ या एका वर्षात मासेमारीत किमान ८ कोटी शार्क मेले. २०१२ मध्ये हा आकडा ७ कोटी ६० लाख होता. एकीकडं चार माणसं, दुसरीकडं आठ कोटी शार्क. खोल समुद्रात फिरणाऱ्या शार्क आणि त्यांच्या नात्यातल्या पाकट माशांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, हे २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. चाळीस कोटी वर्षांपासून, म्हणजे डायनासोर जन्मायच्या कितीतरी आधीपासून जे पृथ्वीवर टिकलं, ते आपण पन्नास वर्षांत इतकं खाली आणलं.

मामा : मासा तर लाखांनी अंडी घालतो. भरून निघत नाही?

मी : बांगडा लाखांनी घालतो. शार्कचं तसं नाही. ग्रेट व्हाइट शार्कची मादी प्रजननाला येते तेव्हा ती साधारण तिशी ओलांडलेली असते. बुल शार्कची मादी दहा-अकरा महिने गाभण राहते आणि मोजकीच पिल्लं देते. वयात यायच्या आत जाळ्यात गेली, की पुढची पिढीच नाही.

मामा : म्हणजे पेरणीचं बियाणंच दळून खाल्ल्यासारखं झालं. पुढच्या मृगाला रान रिकामं.

मी : तेच, मामा. आणि दळून खाणारे सगळे भुकेले होते असंही नाही. बरेच शार्क परांसाठी मारले गेले. चीन आणि हाँगकाँगमधल्या लग्नांच्या पंगतीत शार्कच्या परांचं सूप म्हणजे प्रतिष्ठा. पर कापायचे आणि जिवंत धड समुद्रात फेकून द्यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. पण तिथंही मन बदललं. याओ मिंग, चीनचा सगळ्यांत लाडका बास्केटबॉलपटू. २००६ मध्ये त्यानं जाहीर सांगितलं, की मी हे सूप पिणार नाही. २०१२ मध्ये चीन सरकारनं सरकारी मेजवान्यांतून ते काढून टाकायचं ठरवलं. भारतानंही २०१३ मध्ये पर शरीरालाच असल्याशिवाय शार्क किनाऱ्याला आणायचा नाही असा नियम केला आणि २०१५ मध्ये परांची निर्यात बंद केली.

मामा : मग प्रश्न मिटला की.

मी : नाही ना. मी सांगितलेला आठ कोटींचा आकडा त्या नियमांनंतरचाच आहे. पर कापून धड टाकण्यावर जगभर बंदी वाढत गेली, तरी मरणारे शार्क कमी झाले नाहीत. मांसाला, यकृताच्या तेलाला, मऊ हाडासारख्या कूर्चेला बाजार तयार झाला. शिवाय बऱ्याचदा शार्क धरायचाच नसतो, तो दुसऱ्या माशांच्या जाळ्यात आपोआप सापडतो. नियमानं फेकून देणं थांबलं, पण जाळ्यात सापडणं थांबलं नाही.

मामा : आणि शार्क राहिलेच नाहीत तर? मला वाटतं, कोळ्यांना उलट मासे जास्त मिळतील. वाघ नसला तर आमची गुरं जास्त, तसं.

मी : ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला शार्क बे नावाचा उपसागर आहे. तिथं समुद्राच्या तळाशी गवताची कुरणं आहेत. समुद्री कासवं आणि डुगोंग म्हणजे समुद्रगाई ती चरतात. टायगर शार्कच्या धाकानं हे प्राणी एका जागी रेंगाळत नाहीत, धोक्याच्या जागा टाळतात. त्यामुळं कुरण मुळापासून खाल्लं जात नाही, असं तिथं अनेक वर्षांच्या अभ्यासातून दिसलं. त्या गवतात माशांची पिल्लं वाढतात. म्हणजे शार्कच्या धाकानं राखलेल्या कुरणात उद्याची मासळी वाढते. आणि शिकारी जनावर नसलं की काय होतं? येडशीच्या डोंगरात रानडुकरं किती झालीत, हे तुम्हीच मला मघाशी सांगत होतात.

मामा : हरभरा आणि भुईमूग तर ठेवत नाहीत. वाघ आला तेव्हा आमच्यातलेच काही म्हणाले, डुकरं तरी कमी होतील. पण त्याला डुकरापेक्षा दावणीची गाय सोपी पडते.

कोळ्याचं जाळं आणि शेतकऱ्याची कालवड

मामा : तुझं सगळं पटलं असं धर. तरी माझा मुख्य मुद्दा राहतोच. जनावर साऱ्या देशाचं, आणि नुकसान मात्र एकट्या दुकट्याचं. कालवड माझी गेली. पंचनामा झाला. पण पैसे हातात पडायला वेळ लागतो आणि बाजारभावाच्या पंच्याहत्तर टक्केच मिळतात. उरलेले पंचवीस टक्के मी वाघाला दान दिले की काय? कोळ्याचंही असंच असणार.

मी : इथं तुमची बाजू बरोबर आहे, मामा, आणि ती मांडायला माझ्याकडं चांगला दाखला आहे. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारनं वन्यजीव कायद्याखाली शार्क आणि पाकटांच्या साऱ्याच जातींवर एकाच फटक्यात बंदी घातली. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना विचारलं नव्हतं. किनाऱ्यावर विरोध झाला आणि डिसेंबरमध्ये ती यादी मोजक्या जातींपुरती आवळावी लागली. वाचवायचं म्हणून केलेला कायदा पाच महिन्यांत बराचसा मागं घ्यावा लागला, कारण कोळ्याशिवाय तो केला होता. पुढं २०२२ च्या दुरुस्तीनं संरक्षित जाती वाढल्या, पण मधली वीस वर्षं गेली.

मामा : मग कोळ्याला घेऊन कुणी केलंय का कुठं?

मी : गुजरातनं केलं. तुमच्या मनात बसेल असं केलं. वेरावळ, द्वारका, मांगरोळ या किनाऱ्यावर १९९० च्या दशकात व्हेल शार्कची जोरात शिकार व्हायची. यकृताच्या तेलानं होड्या राखायचे, मांस बाहेरदेशी पाठवायचे. माइक पांडे यांनी त्या शिकारीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' नावाचा माहितीपट काढला आणि मे २००१ मध्ये व्हेल शार्क हा कायद्यानं संरक्षण मिळालेला भारतातला पहिला मासा ठरला. पण कायद्यानं शिकारी थांबत नसतो. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम काढली, आणि कथाकार मोरारी बापूंनी गावोगाव कथेतून सांगितलं, की व्हेल शार्क ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. माहेरी आलेल्या लेकीला कुणी मारतं का?

मामा : असं सांगितल्यावर कोण मारील?

मी : नुसतं सांगितलं नाही. जाळं कापून मासा सोडला तर जाळ्याची भरपाई द्यायची, असंही ठरलं. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या मच्छीमारांनी नऊशेहून अधिक व्हेल शार्क स्वतःची जाळी कापून सोडले. ज्यांचे हात भाला मारायला सरावले होते तेच हात जाळं कापू लागले. माणसाची वृत्ती बदलते याचा आपल्या देशातला हा सगळ्यांत ठळक पुरावा आहे.

मामा : आणि आपल्या महाराष्ट्रात?

मी : डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या सरकारनं तशीच योजना आणली. संरक्षित जीव जाळ्यात सापडला, मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं आणि त्याचे फोटो किंवा चित्रफीत दिली, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत मदत. व्हेल शार्क, समुद्री कासव, डॉल्फिन हे सगळे त्यात येतात. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं मिळून ते बघतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत मच्छीमारांनी त्यातून कितीतरी जीव सोडले.

मामा : २५ हजारांत अख्खं जाळं येतं?

मी : मोठं जाळं येत नाही. त्या दिवसाची गेलेली मासळी तर त्यात धरतच नाहीत. म्हणून मी म्हणते, तुमचं आणि कोळ्याचं दुखणं एकच आहे. सरकार पूर्ण नुकसान धरत नाही आणि वेळेवर देत नाही. त्यावर उपाय भरपाई पुरी आणि लवकर करणं हाच. 'वाघ हटवा, शार्क मारा' यानं ते दुखणं बरं होत नाही.

मामा : माणूस गेला तर सरकार आता पंचवीस लाख देतं म्हणे. माणूस गेल्यावर पैसे, गाय गेली की हेलपाटे. मी वाघाच्या विरोधात नाही, पोरी. रामलिंगच्या दरीत वाघ आहे म्हटल्यावर छातीत काहीतरी वेगळंच होतं, हेही खरं सांगतो. आमच्या आजानं सांगितलेल्या गोष्टीतला वाघ आम्ही बघितला. पण अभिमान आमचा आणि खर्चही आमचाच, हे जमणार नाही.

मी : हे तुम्ही म्हणालात ते मोठमोठ्या परिषदांत कमी ऐकू येतं, मामा. पलाऊ नावाचा प्रशांत महासागरातला चिमुकला देश. त्यानं २००९ मध्ये आपला सारा समुद्र शार्कसाठी अभयारण्य केला. त्या देशात प्रवाळापाशी फिरणारा एक शार्क जिवंत राहिला तर आयुष्यभरात पर्यटनातून सुमारे १९ लाख डॉलर मिळवून देतो, असा तिथल्या अभ्यासाचा अंदाज आहे. मारून विकला तर त्याचे फार तर शे-दोनशे डॉलर येतील.

मामा : ते पैसे कुणाच्या खिशात जातात, तेवढं बघ. हॉटेलवाल्याच्या गेले तर कोळी पुन्हा भाला उचलणार. येडशीला उद्या वाघ बघायला गाड्या आल्या, तर चहा माझ्या गावच्या पोरानं विकला पाहिजे, गाडी माझ्या गावच्या पोरानं चालवली पाहिजे.

मी : मान्य. तारकर्ली-मालवणला समुद्रात बुडी मारायला पर्यटक येतात, तिथं त्यांना पाण्यात नेणारे कितीतरी जण मच्छीमारांच्याच घरचे आहेत. तिथं पैसा घरात येतो म्हणून समुद्र राखावासा वाटतो. तुमचा नियम समुद्रालाही लागू होतो.

तेरणेचं पाणी आणि उसाची साखर

मामा : आता माझ्या पहिल्या प्रश्नाला ये. आपला संबंध काय?

मी : दोन हजार वर्षांपूर्वी तर होताच. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. तगरचं कापड गाड्यांतून भडोचला जायचं आणि तिथून जहाजात चढून पश्चिमेला. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही बघायला मिळतात. समुद्र आपल्याला परका कधीच नव्हता.

मामा : ते झालं जुनं. आजचं सांग.

मी : तेरखेड्याजवळ उगवणारी तेरणा तेरवरून, माकणीच्या धरणातून पुढं जाऊन मांजरेला मिळते. मांजरा गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. तिकडं परंड्याच्या बाजूची सीना भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णाही त्याच उपसागराला. आपल्या रानातून पावसात वाहून गेलेलं खत, कीटकनाशक, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, बाजाराच्या दिवशीच्या पिशव्या यांची वाट तिकडंच जाते. आणि समुद्राकडून काय येतं? आपल्या वाट्याला येणारा पाऊस. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसानं समुद्राशी संबंध नाही म्हणावं, हे मला पटत नाही.

मामा : पाऊस समुद्रातून येतो हे खरं. पण तो शार्कमुळं येतो असं सांगू नकोस.

मी : नाही सांगणार. शार्क पाऊस पाडत नाही. पण समुद्र निरोगी ठेवण्यात त्याचा वाटा आहे, आणि आजारी समुद्राचं ओझं शेवटी जमिनीवरच्या माणसावर येतं. दुसरी गोष्ट ऐका, ती तर तुमच्या उसाची आहे. चेहऱ्याला लावायच्या महागड्या क्रीममध्ये स्क्वालेन नावाचा पदार्थ असतो. खोल समुद्रातल्या शार्कच्या यकृतातून तो काढत आलेत. आता तोच पदार्थ उसाच्या साखरेपासून आणि ऑलिव्हच्या तेलापासून बनवतात. ब्राझीलच्या उसापासून तर तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो.

मामा : साखरेपासून? म्हणजे आपला ऊस शार्कचा जीव वाचवू शकतो?

मी : साखर तीच, तंत्र शिकायचं बाकी. आणि तुमची नात शहरात क्रीम घेते ना? तिला डब्यावरचं वाचायला सांगा. 'स्क्वालेन वनस्पतीपासून' असं लिहिलेलं असेल तर घ्यायचं, नसेल तर दुकानदाराला विचारायचं. गुडघेदुखीवर शार्कच्या कूर्चेच्या गोळ्या मिळतात. 'शार्कला कॅन्सर होत नाही' असं सांगून त्या गोळ्या कॅन्सरवरही विकल्या गेल्या. शार्कला कॅन्सर होतो, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. हा बाजार आपल्यासारख्या लांब राहणाऱ्या माणसांच्या पैशावर चालतो. समुद्र लांब असला तरी खरेदी जवळची आहे.

मामा : मग मी तुला माझं मत सांगतो. शार्क मारावा असं मी आता म्हणणार नाही. वाघाबद्दलही मी तसं कधी म्हटलं नव्हतं. पण माझ्या तीन अटी आहेत. नियम करायच्या आधी जो तिथं राहतो त्याला विचारा. नुकसान पुरं भरा आणि महिन्याच्या आत भरा. आणि जनावरामुळं पैसा येणार असेल तर पहिला वाटा गावाचा. एवढं करा, मग राखण आम्हीच करतो. जे गावानं राखायचं ठरवलं ते पोलिसाशिवाय राखलं जातं.

मी : माझी एकच अट आहे, मामा. या तिन्ही गोष्टी मिळेपर्यंत जनावरानं जिवंत राहायला हवं. भरपाई उशिरा आली तरी येऊ शकते. तीस वर्षांत वयात येणारी शार्कची मादी एकदा संपली तर ती परत येत नाही. शार्कच्या नात्यातला करवतमासा एकेकाळी आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात येत असे, आज तो क्वचितच दिसतो. अटींवर बोलत बसलो आणि तोवर मारत राहिलो, तर बोलायला विषयच उरणार नाही.

मामा : हेही खरं. चल, दोन्ही एकदम मागू. तू किनाऱ्यावरून माग, मी इथून मागतो.

एवढ्यावर आम्ही थांबलो. आमचं सगळं पटलं नाही. मामा आजही रात्री बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय रानात जात नाहीत, आणि त्यांनी जाऊही नये. पण या बोलण्यातून माझं एक मत पक्कं झालं. शार्ककडं बघायची जगाची नजर गेल्या पन्नास वर्षांत खरोखर बदलली आहे. सिनेमा काढणाऱ्याला पश्चात्ताप झाला, सूप पिणाऱ्यांनी वाटी बाजूला सारली, भाला मारणाऱ्यांनी जाळं कापलं. तरी शार्क मरायचे थांबले नाहीत, कारण मन बदललं तेवढी व्यवस्था बदलली नाही. प्रेम शहरात वाढलं आणि किंमत किनाऱ्यावरच्या कोळ्यानं, डोंगराच्या कडेच्या शेतकऱ्यानं मोजली. गुजरातच्या किनाऱ्यावर या दोन गोष्टी जुळल्या, म्हणून तिथं व्हेल शार्क वाचला.

तेव्हा धाराशिवच्या, लातूरच्या, सोलापूरच्या वाचकांना माझं सांगणं आहे. समुद्र लांब आहे म्हणून हा विषय सोडू नका. शार्कच्या यकृताचं तेल किंवा कूर्चा असलेली वस्तू विकत घेऊ नका. शाळेत शिकवत असाल तर मुलांना 'जॉज'मधल्या शार्कऐवजी खऱ्या शार्कची ओळख करून द्या. तेरणेत, सीनेत प्लास्टिक टाकू नका. आणि आमदार-खासदार मतं मागायला येतील तेव्हा त्यांना विचारा : जाळं कापणाऱ्या मच्छीमाराची मदत वाढवून ती वेळेवर देणार का, आणि वाघानं मारलेल्या गाईचे पूर्ण पैसे महिन्याच्या आत देणार का? हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारा. शार्कचं आणि वाघाचं संरक्षण या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.